कालच्या फॅटवर

‘रेंज नव्हती’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडातून हद्दपार झालं त्याला आता काही वर्षं झाली, आणि ते घालवण्यात वृंदा रेडेकरचा मोठा हात होता. तिला त्याचा अभिमान वगैरे नव्हता. आताशा तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे. पुण्यात बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत ती सकाळी शिरायची, खुर्चीत बसायची आणि राज्यभरातल्या लोकांच्या छातीतल्या डब्या आपापल्या सर्व्हरशी नीट बोलताहेत ना, ते बघायची. संध्याकाळी उठताना गुडघे कुरकुरायचे. घरी जाऊन खिचडी टाकायचंही जिवावर यायचं.

या डब्यांबद्दल आधी सांगायला हवं. ज्याचं हृदय थकलंय अशा माणसाच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी बसवतात. फुप्फुसात किती पाणी साठलंय, ठोके कसे पडताहेत, हे ती मोजते आणि माणसाच्या फोनमार्फत कंपनीच्या सर्व्हरला विचारते, औषध किती सोडू? सर्व्हर हिशेब करून उत्तर देतो, डबी तेवढं औषध रक्तात सोडते. दिवसभर ही विचारणा चालूच असते. माणूस आपला जेवत असतो, पेंगत असतो, बायकोशी वाद घालत असतो, त्याला पत्ताही नसतो.

सगळी मेख एकाच ठिकाणी. उत्तर आलंच नाही, तर डबीनं काय करायचं?

शेजारच्या गावात निरोप देऊन माणूस पाठवला आणि तो परतलाच नाही, असं समजा. एक तर वाटेतला पूल पडला असेल, म्हणजे निरोप पोचलाच नाही. नाही तर निरोप पोचला, पण त्या घरातच गोंधळ माजलाय आणि कोणी धड बोलायच्या स्थितीत नाही. पहिल्याला वृंदाच्या टीममध्ये ‘वाट बंद’ म्हणत, दुसऱ्याला ‘घर बंद’. वाट बंद असेल तर कळ काढायची आणि पुन्हा निरोप धाडायचा. घर बंद असेल तर तिथं दार वाजवत बसण्यात अर्थ नसतो, दुसरं घर गाठायचं, तेही ताबडतोब. जुन्या ॲपना हा फरक कळायचा नाही. काहीही बिघडलं की पडद्यावर एकच गुळमुळीत वाक्य यायचं, ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ कोणाचं चुकलं, कुठं चुकलं, ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

डब्या नव्या होत्या तेव्हा एकदा सर्व्हर आतून कोलमडला. ॲपला वाटलं, रेंज गेली. डब्या मुकाट जुन्या डोसवर चालत राहिल्या आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत काही माणसं दगावली. मग चौकशी झाली. टॉवरवाले म्हणाले सर्व्हर, सर्व्हरवाले म्हणाले टॉवर. त्या भांडणातून शिक्के आले, आणि ते वृंदाच्या टीमनं आणले. फोनमधून निघालेली प्रत्येक विनंती ज्या ज्या टप्प्यावरून जाईल, तो टप्पा तिच्यावर आपला शिक्का मारतो आणि त्याची पोच मागं पाठवतो. टॉवरचा शिक्का आहे, सर्व्हरचा नाही, म्हणजे वाट बंद. सर्व्हरचा शिक्का आहे आणि उत्तर नाही, म्हणजे घर बंद. वाटेत पोचच हरवली, तर वाट सुरू झाल्यावर ती मागून येते. शिक्का कोणाला खोडता येत नाही की बनवता येत नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण सरकारला शिक्के फार आवडले आणि साध्या फोनलाही ते सक्तीचे झाले. तुम्ही कोणाला फोन लावलात आणि बोलणं झालं नाही, तर तुमच्या पडद्यावर खरं कारण उमटू लागलं. ‘वाट बंद.’ ‘फोन बंद.’ किंवा ‘पोचलं. उचललं नाही.’

या शेवटच्या दोन शब्दांनी किती घरं पेटवली याची मोजदाद कोणी केली नाही. व्याही रुसले. ठरलेली लग्नं फिसकटली. साहेब सुट्टीवरच्या माणसाला विचारू लागले, पोचलं होतं, मग? नको असलेल्या नातेवाइकाला वर्षानुवर्षं ‘अहो, रेंजच नव्हती’ म्हणून गोडीगुलाबीनं टाळता यायचं, तो सगळा व्यवहार एका रात्रीत बुडाला. मग माणसांनी आपल्या परीनं वाट काढली. बारीक धातूच्या जाळीचे बटवे बाजारात आले. फोन त्यात टाकला की लहरी अडतात, आणि ॲप भाबडेपणानं ‘वाट बंद’ म्हणतं.

डबीवालेही बटवे वापरतात हे कळलं तेव्हा मात्र कंपनीचं धाबं दणाणलं.

*

त्या सकाळच्या बैठकीत कौस्तुभ तेच सांगत होता. कौस्तुभ वृंदाचा वरिष्ठ, वयानं तिच्यापेक्षा बराच लहान. तिला ‘वृंदाताई’ म्हणायचा आणि ताई म्हणूनच कामं गळ्यात मारायचा.

“विमावाल्यांचं म्हणणं साधं आहे,” तो म्हणाला. “पेशंट मुद्दाम फोन झाकतो. डबीला वाटतं वाट बंद, ती शेवटच्या डोसवर चालू राहते. तोवर तब्येत ढासळते. मग बोंब आपल्या नावानं. वृंदाताईंनी खरी आणि बनावट वाट-बंद ओळखणारं जे यंत्र केलंय, ते पुढच्या आवृत्तीत जातंय. बनावट दिसली की डबी कुलूपबंद, जुना डोस बंद, आणि ॲम्ब्युलन्स दारात.”

“विचारायचं नाही?” कोणीतरी म्हणालं.

“कोणाला?”

कौस्तुभ वृंदाकडं वळला. “ताई, तुमची सही झाली की आज जाऊ दे पुढं,” कौस्तुभ म्हणाला. वृंदानं मान हलवली. ती हल्ली सगळ्यालाच मान हलवायची. नाही म्हणायला अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण त्या इमारतीनंच पिऊन टाकलं होतं.

खरं सांगायचं तर त्या यंत्रातली कल्पना तिची नव्हतीच. ती बापूंची होती. बापू म्हणजे तिचे वडील. आजऱ्याच्या पुढं डोंगरात हाळवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या दूध संस्थेचे ते उभी हयात सचिव होते. संस्थेत दूध आलं की मशीनवर त्याची फॅट लावायची, फॅटवर दर ठरायचा. पण लाईट गेली की मशीन बंद. गवळी कॅन घेऊन दारात उभे, दूध तर नासणार. म्हणून संस्थेत रिवाज होता, लाईट नसेल तर कालच्या फॅटवर दूध घ्यायचं. काल चांगलं होतं ते आज एकदम वाईट कसं होईल, असा विश्वास ठेवायचा. डबीला ‘वाट बंद असेल तर शेवटचा डोस चालू ठेव’ हा नियम घालताना वृंदाच्या डोक्यात हाच रिवाज होता.

आणि रिवाज आला की त्याचा फायदा घेणाराही आलाच. संस्थेत कधी कधी नेमकी एखाद्याची पाळी आली की लाईट जायची, आणि त्या दिवशी त्याच्या दुधात पाणी असायचं. फ्रॉकमधली वृंदा कोपऱ्यात पोत्यावर बसून अभ्यास करायची. बापू तिला हळूच म्हणायचे, “बल्बकडं बघ. खरी लाईट जाताना डोळं मिचकावती. फ्यूज काढला की एकदम अंधार.” मग बाहेर जाऊन ते फ्यूज मुकाट परत बसवायचे. आरडाओरडा नाही, पंचनामा नाही. त्या गवळ्याला एवढंच म्हणायचे, “लाईट आली बग. लाव फॅट.”

वृंदाचं यंत्र तेच करायचं. खरी रेंज जाताना आधी विरते, डळमळते, विनंत्या अर्ध्यावर अडकतात, पुन्हा निघतात. झाकलेला फोन भरल्या रेंजमधून एकदम गप्प होतो.

सही करायला म्हणून तिनं फोन हातात घेतला. पहिल्याच पानावर घरच्या माणसाचं कार्ड होतं. ‘बापू. वाट बंद. शेवटच्या डोसवर चालू.’

हे कार्ड ती गेले कित्येक दिवस बघत होती. डोंगरातलं गाव, रेंज जाते-येते, डबी चालू आहे ना, मग झालं, असं म्हणून पुढं जात होती. आज तिनं बोटानं कार्ड उघडलं आणि खालची रेंजची रेषा पाहिली. भरलेली, भरलेली, आणि एकदम काही नाही. रोज तसंच. डोळं मिचकावणं नाही.

तिनं हौसाक्काला फोन लावला. हौसाक्का ही शेजारीण, बापूंना दोन वेळचं करून घालायची. पहिल्याच रिंगला उचलला.

“आक्का, बापूंच्या घरी रेंज नाही का?”

“रेंज? अगं त्येंच्याच सैपाकघरात हुबी ऱ्हाऊन बोलतोय की तुझ्याशी. भाकरी थापतोय. रेंजला काय धाड भरलीया?”

“बापू कसे आहेत?”

भाकरी थापायचा आवाज थांबला. “तू ये,” ती म्हणाली. “मला न्हाई सांगायला येत.”

*

कोल्हापूरपर्यंत गाडी आपोआप चालत होती आणि वृंदा काचेला डोकं टेकून बसली होती. झोप येत होती, लागत नव्हती. आजऱ्याच्या पुढं रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना काजूला मोहोर होता, त्याचा तो गोडूस वास गाडीत शिरला. शेवटची ती इकडं कधी आली होती ते तिला पटकन आठवेना, आणि मग आठवलं तेव्हा तिनं तो विचार बाजूला केला.

बापू सोप्यात लाकडी आरामखुर्चीत बसले होते. पाय स्टुलावर. घोट्याजवळ बोट रुतेल इतकी सूज होती. श्वास वरच्या वर चालला होता.

“आलीस व्हय,” ते म्हणाले. “च्या घे. आक्का, च्या टाक.”

“बापू, फोन कुठाय तुमचा?”

“हाय की.”

“कुठं?”

त्यांनी कोपऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण वृंदानं पाहिलं. तिथं संस्थेतला ॲल्युमिनियमचा जुना दुधाचा कॅन होता. निवृत्त झाले तेव्हा मंडळींनी शाल-श्रीफळाबरोबर आठवण म्हणून दिलेला. झाकण गच्च बसवलेलं. ती उठली, झाकण ओढलं, ते निघेना. बालपणी निघायचं नाही तसंच. मग थोडं फिरवून ओढलं. आत, तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला फोन होता.

तिनं झाकण तसंच परत लावलं. का लावलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“फ्यूज काढलात,” ती म्हणाली.

बापूंना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. तो बराच वेळ चालला. हौसाक्का चहा ठेवून आत गेली.

“सकाळच्याला जरा बरं असतंय,” ते म्हणाले. “रातभर ह्याच खुर्चीत बसून काढतो, मग उजाडताना छाती हलकी वाटती. तेवढ्यात भाईर काढतो फोन. एक चांगलं माप जाऊ दे म्हणतो. मग झाकण.”

“म्हणजे नमुन्याला चांगलं दूध.”

“आणि कॅनात पाणी. व्हय. आयुष्यभर दुसऱ्यांचं धरलं, आता माझं तू धर.”

“असं का करताय पण?”

“तुझं मशीन काय म्हणणार, मला ठावं हाय. दवाखान्यात हलवा म्हणणार. पाय दिसत्यात की मला माझं. तुझ्या आईला हलवलं हुतं. काचंच्या पल्याड ठेवली. मी अल्याड. ती काय तरी म्हणत हुती, तोंड हलताना दिसायचं, ऐकू यायचं न्हाई. तिला काय पायजे हुतं ते अजून मला ठावं न्हाई.” त्यांनी थांबून श्वास घेतला. “मला तसं जायचं न्हाई.”

वृंदाला हे माहीत होतं. आईची ती काच तिलाही माहीत होती. पण कंपनीत बसून डब्यांच्या रेषा बघताना कुठल्या रेषेमागं काय आहे हे कोणी विचारत नाही, तिनंही विचारलं नव्हतं. तिला राग आला, आणि तो कोणाचा, हे न कळल्यामुळं तिनं तो बापूंवरच काढला.

“मग मला फोन करून सांगायचं की, बापू. असं कॅनात फोन लपवायचा?”

“केला की,” बापू म्हणाले.

वृंदानं चहाचा कप उचलला होता, तो तसाच राहिला.

“केला. लई वेळा केला. पोचलं, उचललं न्हाई. तुझं ॲप मराठीतच सांगतंय, चष्मा लावला की वाचता येतंय मला.” आवाजात कुरकुर नव्हती. संस्थेत बसून कोणाची फॅट सांगावी तसं ते सांगत होते. “मग चार दिसांनी तुझा फोन यायचा. तू म्हणायचीस, बापू, रेंज नव्हती. मी हूं म्हणायचो.”

वृंदाला आठवलं, खरंच ती म्हणायची. साऱ्या जगासाठी ते वाक्य तिनं बंद पाडलं आणि स्वतः मात्र बापूंपुरतं चालू ठेवलं. बापू काय पडद्यावरची अक्षरं वाचणार आहेत, असं तिनं धरून चाललं होतं. बैठकीत असताना, गाडीत असताना, कधी नुसतीच छताकडं बघत पडलेली असताना, त्यांचं नाव पडद्यावर यायचं आणि ती ते विझेपर्यंत बघत राहायची. त्यांच्याशी बोलायला तिला नको होतं असंही नाही. बोलायला लागलं असतं की आपण दमलोय, आणि तेवढंच सांगायची तिला लाज वाटायची.

“तुम्ही बोलला नाहीत कधी,” ती म्हणाली.

“काय बोलायचं? न्हाई ऐकण्यापरीस रेंज न्हाई बरं वाटतंय माणसाला. मला वाटायचं. म्हणून मी बी तुझ्या मशीनला तेच सांगायला लागलो.”

वृंदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. ती उठून त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सुजलेल्या पावलावर हात ठेवून राहिली. पाऊल गार होतं. दुपारचं ऊन अंगणातून सरकत तुळशीपर्यंत गेलं.

“बापू,” मग ती म्हणाली, “नाही म्हणायचं असेल तर म्हणा. मी ओढून नेणार नाही. पण मशीन काय म्हणतंय ते एकदा ऐकून मग म्हणा. न ऐकता डोस चालू राहिला, तर शेवट फार त्रासाचा होईल. बुडाल्यासारखं होईल. ते मी बघू शकणार नाही.”

बापूंनी बराच वेळ विचार केला. मग हात पुढं केला. वृंदानं कॅन त्यांच्यापाशी आणला. त्यांनी एका झटक्यात झाकण काढलं, त्यांच्या हाताला ते बरोबर ओळखत होतं, आणि फोन बाहेर काढून मांडीवर ठेवला.

रेंज आली. डबीनं माप पाठवलं. शिक्के एकामागोमाग उमटले आणि थोड्याच वेळात उत्तर आलं. वृंदानं ते वाचून दाखवलं. “पाणी फार वाढलंय. औषधानं भागणार नाही. रुग्णाला हलवा.” खाली दोनच बटणं होती, ‘ॲम्ब्युलन्स पाठवा’ आणि ‘थोड्या वेळाने आठवण करा’. कुठलंच दाबलं नाही, तर काही वेळानं ॲम्ब्युलन्स आपोआप निघायची.

“न्हाई,” बापू म्हणाले.

वृंदा बटणांकडं बघत राहिली. वाट बंदचं तिच्याकडं नाव होतं, घर बंदचं होतं, फोन बंदचंही होतं. माणसानं शुद्धीत राहून, पूर्ण ऐकून, नाही म्हटलं, तर ते टिपायला त्या अख्ख्या ॲपमध्ये जागाच नव्हती. तिनं स्वतः तपासून पास केलेलं ॲप. जागा नव्हती म्हणून माणसं फोन बटव्यात घालत होती, कॅनात घालत होती.

तिनं कंपनीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बाई बापूंशी बराच वेळ बोलल्या, तेच तेच फिरवून विचारलं. बापूंनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. “ॲपमध्ये तशी सोय नाहीये,” बाई शेवटी वृंदाला म्हणाल्या, “पण तुम्हाला तुमच्या नावावर ॲम्ब्युलन्स थांबवता येते ना? थांबवा. मी आरामाचा डोस लिहून देते. दम लागणं कमी होईल. त्याहून जास्त काही होणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय,” वृंदा म्हणाली.

*

तिचा स्वतःचा फोन दुपारपासून थरथरत होता. कौस्तुभ. तिन्हीसांजेला पुन्हा थरथरला तेव्हा बापू डोळे मिटून पडले होते. नव्या डोसनं श्वास जरा खाली उतरला होता. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “उचलणार हाईस का?”

तिनं उचलला.

“वृंदाताई, अहो किती फोन,” कौस्तुभ म्हणाला. “फक्त तुमच्या सहीसाठी अडलंय सगळं. गावी आहात ना? रेंजचा प्रॉब्लेम असेल तिकडं, मी समजू शकतो. तसं सांगतो वर. तुम्ही फक्त तोंडी हो म्हणा, सही नंतर करा.”

कसं आयतं ताटात वाढून दिलं होतं त्यानं. काही वर्षांपूर्वीच्या, इतकंच काय, कालच्या वृंदानं ते पानावर पडलेलं गुपचूप खाल्लं असतं.

“रेंज उत्तम आहे,” ती म्हणाली. “तुझे सगळे फोन पोचले. मी उचलले नाहीत. आणि मी सही करणार नाही.”

“म्हणजे?”

“फोन झाकणारा माणूस काहीतरी सांगतोय. त्याला नाही म्हणायचंय, आणि आपण त्याला नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही. आधी ती जागा करू. ती होईपर्यंत माझं यंत्र कोणाच्या डबीला कुलूप घालणार नाही.”

“ताई, तुम्ही दमलाय. उद्या बोलू.”

“दमलेय,” वृंदा म्हणाली. “खूप दमलेय. उद्याही हेच सांगेन.”

तिनं फोन ठेवला. बापूंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ती वाकली.

“लाईट आली बग,” ते म्हणाले.

*

बापू काजूचा मोहोर गळायच्या आत गेले. खुर्चीतच, भर दुपारी, वृंदानं पेज भरवताना. शेवटच्या दिवसांत त्यांनी काय काय मागितलं ते तिला सगळं ऐकू आलं. आंबोळी मागितली, ती खाल्ली नाही. संस्थेतल्या जुन्या मंडळींना बोलावून घेतलं आणि त्यांच्याशी दराबद्दल वाद घातला. एकदा आईचं नाव घेतलं.

पुण्यात तिच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी सही केली आणि आवृत्ती गेली. ते तसं होणार हे तिला माहीत होतं. पण डॉक्टर बाईंनी वर एक लांबलचक टिपण पाठवलं, वृंदानं त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि पुढच्याच्या पुढच्या आवृत्तीत ‘ऐकलं. मी नाही म्हणतो’ असं तिसरं बटण आलं. बारीक अक्षरात. दाबलं की तीनदा विचारतं. कंपनीनं तिला काढलं नाही, बढतीही दिली नाही. ती त्याच खुर्चीत बसते. गुडघे अजून कुरकुरतात.

हाळवाडीहून निघायच्या दिवशी तिनं अंगणात उभं राहून, सवयीनं की कशानं, बापूंचा नंबर लावला होता. आत सोप्यात फोन वाजत राहिला. मग तिच्या पडद्यावर उमटलं, ‘पोचलं. उचललं नाही.’

ती पायरीवर बसली. ते वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं, एका दुपारी, शब्द कमी असावेत म्हणून. मग उठून आत गेली, फोन टॉवेलात गुंडाळला, कॅनच्या तळाशी ठेवला आणि झाकण गच्च बसवलं.

“आक्का,” तिनं हौसाक्काला सांगितलं, “आठवड्याला एकदा काढून चार्ज करत जा आणि परत ह्यातच ठेव. बंद पडू देऊ नकोस. बंद पडला तर ॲप ‘फोन बंद’ म्हणतं.”

“आता कुणाचा येणार हाय त्यावर?”

“माझा.”

हौसाक्कानं कॅन कोपऱ्यात सरकवून ठेवला.

रविवारी, सगळं आवरून झालं की वृंदा फोन लावते. थोडा वेळ काहीच होत नाही. विनंती फोनमधून निघते, टॉवरचा शिक्का घेते, डोंगरापर्यंत जाते. मग पडद्यावर अक्षरं येतात, ‘वाट बंद. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’

“हूं,” वृंदा म्हणते.